त्याचा निरोप माझ्यापर्यंत आणू नकोस

प्रतापनगर, नागपूर

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू "एकदा त्याच्याशी बोलून घे, म्हणजे विषय संपेल" असे म्हणालास आणि मी पुढे काही न बोलता फोन ठेवला. तुझा हेतू चांगला होता याविषयी मला शंका नाही. पण त्या वाक्याला द्यायचे उत्तर बरेच लांब आहे आणि फोनची घंटा वाजली तरी ज्या घरात अजून माणसे एकमेकांकडे पाहतात, त्या घरात बसून ते फोनवर देणे मला जमले नसते. म्हणून हे पत्र लिहीत आहे. त्याचे नाव मी यात लिहिणार नाही. ते तुला ठाऊक आहे.

आम्ही वेगळे झाल्यापासून काय चालले आहे, हे तुला त्याच्याकडून कळले आहे आणि त्यामुळे ते अर्धेच कळले आहे. सुरुवातीला विनवण्या होत्या, नंतर रात्री उशिरा येणारे कॉल, नंतर उचलल्यावर कोणी काहीच बोलत नाही असे कॉल. त्याचा नंबर मी ब्लॉक केला तेव्हा अनोळखी नंबरांवरून फोन येऊ लागले. त्यांपैकी एका नंबरवर माझ्या भावाने उलट फोन केला, तेव्हा तो शंकरनगर भागातल्या एका पानठेल्यावाल्याचा निघाला. तो भला माणूस म्हणाला, "एका पोराने अर्जंट आहे म्हणून फोन मागितला होता, ताईला त्रास झाला असेल तर माफ करा." मिहानमधल्या माझ्या कार्यालयाच्या स्वागतकक्षात तर तो स्वतःला माझा चुलतभाऊ म्हणवून घेत असे. तिथल्या मुलीला मी खरे काय ते सांगेपर्यंत ती बिचारी प्रत्येक वेळी "तुमच्या दादांचा फोन आहे" म्हणून मला मीटिंगमधून बोलवून आणत होती.

आता तुझा मुद्दा घेते. एकदा बोलल्याने विषय संपेल असे तुला वाटते, कारण तुला वाटते की त्याला काही सांगायचे राहून गेले आहे. त्याला सांगायचे काही राहिलेले नाही. त्याला माझा आवाज ऐकायचा आहे, आणि मी रागावून बोलले तरी त्याचे ते काम भागते. पंधरा कॉल न उचलता सोळावा उचलला, तर मी शेवटी हरते आणि त्याने किती चिकाटी धरली की हरते एवढेच त्याला समजेल. पुढच्या वेळी तो सोळापाशी थांबणार नाही. मी बोलत नाही ते रुसव्यामुळे नव्हे, हे निदान तू तरी लक्षात घे.

"नंबर बदलून टाक" असे सांगणारे पुष्कळ भेटले. आधार, बँक, भविष्यनिर्वाह निधी, गॅस, आईची औषधे मागवण्याचे खाते अशी सगळी ओटीपींची माळ ज्या नंबरला बांधलेली असते, तो एका दिवसात टाकून देता येत नाही, हे सांगणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही. आणि तो नंबर बंद झाला की तो नव्या नंबराच्या शोधात तुमच्यासारख्या मित्रांकडेच वळणार होता. मी दुसरे केले. जुने सिम एका साध्या कीपॅडच्या फोनमध्ये घातले, त्याचा आवाज बंद केला आणि तो फोन भावाच्या कपाटात ठेवला. तिथे मी त्याला ब्लॉक केलेले नाही. वाजवायचे तेवढे त्याने तिथे वाजवावे. कॉल कधी आले, किती आले, हे भाऊ रात्री एकदा पाहून वहीत उतरवतो, कारण फोनमधली यादी भरत गेली की जुन्या नोंदी आपोआप पुसल्या जातात. बँकेची आणि बाकीची कामे मी एकेक करून नव्या नंबरावर नेली. त्याच बैठकीत गुगल खात्यावरून आणि व्हॉट्सॲपवरून कुठल्या यंत्रांवर लॉगिन चालू आहे तेही तपासले, कारण कधी काळी त्याच्या लॅपटॉपवर मी माझे खाते उघडले होते आणि ते तिथे अजून उघडेच होते. माझी हालचाल त्याला आधीच कशी कळते, हे कोडे त्या दिवशी सुटले.

याच सुमारास मी त्याला शेवटचा संदेश पाठवला: "यापुढे माझ्याशी कोणत्याही मार्गाने संपर्क करू नये." त्यात "कृपया" नाही, "सध्या" नाही, कारणही नाही. तुला तो कोरडा वाटला, हे तू बोलून दाखवलेस. तो कोरडा असणे गरजेचे होते. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये, स्त्रीने स्पष्टपणे अनिच्छा दाखवल्यानंतरही जवळीक साधण्यासाठी पुन्हा पुन्हा संपर्क करणारा किंवा तसा प्रयत्न करणारा पुरुष गुन्हेगार ठरतो. हेच पूर्वी भारतीय दंड संहितेत कलम 354 ड होते आणि ते 2013 साली त्या संहितेत आले. सगळा भार त्या "स्पष्टपणे" या शब्दावर आहे. आता तू त्याला काय सांगितलेस ते आठव: "तिला थोडा वेळ दे, ती शांत होईल." माझ्या स्पष्ट नकारावर तू माझ्या वतीने एक धूसर होकार लिहून दिलास. हे तुला दुखवण्यासाठी लिहीत नाही; पण उद्या त्याच्या वकिलाने हेच वाक्य न्यायालयात वाचून दाखवले, तर ते तुझ्या तोंडचे असेल.

पोलिसांकडे गेल्याचा वृत्तांत तुला उडत उडत कळला आहे. ठाण्यातील अंमलदारांनी आधी एनसी लिहून घेण्याची तयारी दाखवली, म्हणजे अदखलपात्र नोंद, जिचा तपास दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. हिवाळी अधिवेशनाच्या बंदोबस्तामुळे अर्धे ठाणे रिकामे होते, तेव्हा त्यांचीही अडचण समजण्याजोगी होती. पण कलम 78 दखलपात्र आहे. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या वकील बाईंनी मला ते आधीच समजावून दिले होते (स्त्रीला तिथे उत्पन्न न विचारता मोफत मदत मिळते, हे तुझ्या बहिणीलाही सांगून ठेव). मी ठाणेदारांना भेटण्याची विनंती केली, वही पुढे ठेवली, आणि त्यांनी स्वतः पाने उलटून पाहिल्यावर गुन्हा दाखल करून घेतला. या कलमाखालची फिर्याद महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची असते, त्यामुळे एका महिला उपनिरीक्षकांना बोलावण्यात आले. त्यांनी मला एकही आगाऊ प्रश्न विचारला नाही. प्रथम खबरीची (एफआयआरची) प्रत मला विनामूल्य मिळाली.

त्यांनीच दोन गोष्टी शिकवल्या. स्क्रीनशॉट घेताना नाव दिसून चालत नाही, पूर्ण नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. म्हणून त्याचे नाव संपर्कयादीतून काढून मगच चित्रे घ्यावीत. आणि रेकॉर्डिंग ज्या फोनवर झाले तो फोन विकू नये, दुरुस्तीला टाकू नये, कारण असा इलेक्ट्रॉनिक पुरावा न्यायालयात द्यायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ यंत्र हाताशी असलेले बरे. पानठेल्याचा नंबर त्याच फोनमधून निघाला. कॉलचा तपशील दूरसंचार कंपनी मला देत नाही, पोलिसांना देते. त्या ठेल्यावरच्या कॉलपर्यंत त्या पोहोचल्या तेव्हा मला प्रथमच झोप लागली.

तू म्हणालास, गुन्ह्यामुळे त्याची नोकरी जाईल. पहिल्या वेळी हा गुन्हा जामीनपात्र आहे आणि शिक्षा 3 वर्षांपर्यंत; पुन्हा दोषी ठरला तर 5 वर्षांपर्यंत आणि मग जामीन हक्काचा राहत नाही. कायद्याने त्याला थांबायला जागा ठेवली आहे. पोलिसांची नोटीस मिळाल्यापासून त्याने मला थेट फोन केलेला नाही. म्हणूनच तो आता तुला, माझ्या मावसभावाला, अगदी माझ्या जुन्या घरमालकिणीला फोन करतो. आम्ही एका घरात संसार केला असता, तर कौटुंबिक हिंसाचाराच्या 2005 च्या कायद्याखाली फोन, संदेश, सगळ्यालाच बंदी घालणारा आदेश मागता आला असता. तसे आमचे नव्हते, त्यामुळे माझ्यापुढे हीच वाट आहे.

सर्वांत अवघड भाग म्हणजे त्याचे "मी जिवाचे बरेवाईट करीन" हे वाक्य. ते ऐकल्यावर तू रात्री मला फोन केलास आणि मी काय करावे अशी अपेक्षा धरलीस. तो खरेच तसे करणार असेल, तर माझ्या आवाजाने त्याचा जीव वाचणार नाही, आणि माझ्यावर ते ओझे टाकणे अन्यायाचे आहे. त्या क्षणी 112 वर फोन कर, त्याच्या थोरल्या भावाला कळव, आणि त्याला टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक दे. तिथे दिवसरात्र समुपदेशक बोलतात, मराठीतही बोलतात. हे सगळे तू माझ्याशिवाय करू शकतोस. मला त्यातले काहीही कळवू नकोस.

तेव्हा माझे मागणे एवढेच आहे. त्याचा फोन आला तर बोलायचे की नाही हे तू ठरव; तो तुझाही मित्र होता आणि त्याच्याशी संबंध तोड असे मी म्हणणार नाही. पण माझ्याविषयी विचारले की "तिच्याबद्दल मी बोलणार नाही" एवढेच सांग, माझ्याकडे निरोप आणू नकोस आणि माझा निरोप म्हणून स्वतःचे काही देऊ नकोस. दिवाळीनंतर त्याने तुला केलेले कॉल आणि पाठवलेले संदेश पुसू नकोस. त्या चॅटमध्ये संदेश आपोआप नाहीसे होण्याची सोय चालू असेल तर आजच बंद कर. संक्रांतीला नागपूरला येशील तेव्हा जबाबासाठी एक सकाळ मोकळी ठेव. उपनिरीक्षक बाईंनी आधी ठाण्यात फोन करून यायला सांगितले आहे, कारण त्यांची ड्युटी बदलती असते. माझा नवा नंबर तुझ्याकडे आहे. तो कोणालाही देऊ नकोस, माझ्या मावसभावालाही नाही.

आईने तुला तिळाच्या वड्या ठेवल्या आहेत असे कळवायला सांगितले आहे.

तुझी मैत्रीण