पाठीला डबा बांधून

पुणे, गुरुवार

चि. ईशान,

अनेक आशीर्वाद.

तू शेजारच्याच खोलीत आहेस, तरी पत्र लिहिते आहे. तोंडी सांगितलेल्या दहा गोष्टींतल्या तीनच तुझ्यापर्यंत पोचतात, आणि मिक्सर चालू असेल तर एकही नाही. कागद पुन्हा वाचता येतो. रविवारी एरंडवण्यातल्या, तुझ्यासारख्याच ऑटिझम असलेल्या माणसांच्या त्या गटात जायचं की नाही हे तू ठरवायचं आहेस. तू २२ वर्षांचा आहेस. पण ठरवण्याआधी एवढं वाच.

घरी येणारा प्रत्येक जण तुला ऐकवतो की पाण्यात पडलं की पोहता येतं. म्हण अर्धीच आहे. विहिरीवर पोहायला शिकवताना मुलाच्या पाठीला रिकामा डबा बांधतात आणि काठावर कुणीतरी उभं असतं. म्हण सांगणारे नेमका तो डबा विसरतात. या पत्रात फक्त डब्याबद्दल लिहिलं आहे.

आधी लाज आणि त्रास वेगळे करू. दोन्हींत छाती धडधडते, हात गार पडतात, म्हणून ते एकच वाटतात. लाज म्हणजे लोक आपल्याला काय म्हणतील याची भीती. ती आदल्या रात्रीच सुरू होते, दारात सगळ्यात जास्त असते आणि आत थोडा वेळ काढला की बहुतेक वेळा उतरायला लागते. त्रास म्हणजे आवाज, उजेड, वास, गर्दी यांचा भार. तो सुरुवातीला कमी असतो आणि मिनिटागणिक चढतो. बसून राहिल्याने उतरत नाही. त्यामुळे उपायही उलटे आहेत. लाज असेल तर थोडं थांबायचं, त्रास असेल तर बाहेर पडायचं. लाजेपोटी दारातूनच परतलास तर दारात खरोखर धोका होता असं मन शिकतं, आणि पुढच्या रविवारी पाऊल आणखी जड होतं. त्रास दात खाऊन सोसलास तर तो गट म्हणजे डोकेदुखी असं गणित डोक्यात बसतं.

नेमकं काय होतंय हे शरीराकडून तुला लगेच कळत नाही, हे मला माहीत आहे. ऑटिझम असलेल्या बऱ्याच जणांना भूक, थकवा, घाबरणं हे आतून ओळखायला वेळ लागतो. म्हणून आकडा वापर. फोनमध्ये ११, ११:१०, ११:२० आणि ११:३० ला ० ते १० मधला एक आकडा लिही. ८, ७, ५ असा उतरता असेल तर ती लाज आहे, थांब. ४, ६, ८ असा चढता असेल तर उठ. काही दिवशी दोन्ही एकत्र असतील आणि आकडा हलणारच नाही. अशा वेळी पाच मिनिटं जिन्यात जाऊन ये आणि पुन्हा लिही. जिन्यात आकडा उतरला तर त्रास खोलीचा होता.

आता जाण्याची तयारी. वनाझहून मेट्रो घे: आनंदनगर, आयडियल कॉलनी, तिसरं स्टेशन नळ स्टॉप. कर्वे रस्त्याने रिक्षा केलीस तर हॉर्नमुळे पोचायच्या आधीच अर्धी शक्ती संपेल, म्हणून रिक्षा परतीलाही नको. साडेदहाला घरी नीट खाऊन निघ; उपाशीपोटीची थरथर आणि भीतीची थरथर वेगळी ओळखू येत नाही. नवा शर्ट घालू नकोस, मानेशी लेबल टोचत नाही तो जुना निळा घाल. पाण्याची बाटली, कानातले बोळे आणि मोठे हेडफोन, दोन्ही घे. बोळे घालून बोलणं ऐकू येतं. हेडफोन लावले की ‘सध्या बोलू नका’ हे समोरच्याला न सांगता कळतं.

अकराच्या दहा मिनिटं आधी पोच. उशिरा गेलास तर भरलेल्या खोलीत शिरावं लागतं आणि सगळ्या माना वळतात. लवकर गेलास तर खोली रिकामी असते आणि एकेक माणूस तुझ्यासमोर येतो, म्हणजे एका वेळी एकच नवा चेहरा. (वेळेवर येण्याची तुझी सवय पुण्यात गुण मानतात, त्याचा फायदा घे.) खुर्ची भिंतीला पाठ लावून आणि दार दिसेल अशी निवड. पंख्याच्या थेट खाली बसू नकोस, लुकलुकणाऱ्या ट्यूबलाइटच्या खालीही नको.

समन्वयक ताईंना आजच व्हॉट्सअ‍ॅप कर. मजकूर असा चालेल: ‘नमस्कार, मी ईशान. रविवारी पहिल्यांदा येतोय. किती जण असतात? ओळखीची फेरी असते का, आणि ती चुकवता येते का? शांत बसायला वेगळी जागा आहे का? मी साडेअकराला निघेन.’ शेवटचं वाक्य काढू नकोस. निघण्याची वेळ आधीच सांगितली की उठताना कारण शोधावं लागत नाही, आणि ‘एवढ्यात चाललास?’ या प्रश्नालाही जागा राहत नाही.

पोचल्यावर एखादं काम मागून घे. खुर्च्या लावणं, हजेरीची वही, कॅरम मांडणं. काम असलं की उभं कुठे राहायचं, हातांचं काय करायचं, हे दोन अवघड प्रश्न सुटतात. कॅरमबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण लाजणाऱ्या माणसासाठी याहून चांगली सोय मला माहीत नाही. ९ काळ्या, ९ पांढऱ्या आणि राणी मधोमध गोल मांडताना दोन मिनिटं सहज जातात. सगळ्यांच्या नजरा पटावर असतात, त्यामुळे डोळ्याला डोळा देण्याचा प्रश्नच येत नाही. पाळी कुणाची हे ठरलेलं असतं. साध्या गप्पांत तेच कळत नाही आणि तिथेच आपण अडतो. बोललं नाही तरी खेळ अडत नाही, आणि बोलायचं झालं तर विषय समोर आहे: ‘राणी गेली, आता कव्हर.’ तोटा एकच, स्ट्रायकर कडेवर आपटल्याचा टणत्कार. बोळे घालून बस. तरी सहन होत नसेल तर पत्ते माग.

ओळखीच्या फेरीत पहिला बसू नकोस, कारण किती बोलायचं याचा नमुना मिळालेला नसतो. शेवटचाही नको, पाळीची वाट बघण्यातच भीती साठत जाते. सुरुवातीपासून दुसरी किंवा तिसरी जागा बरी. तीन वाक्यं कार्डावर लिहून ने: नाव, कुठे राहतोस, काय आवडतं. कार्ड बघून वाचलंस तरी चालतं. बोलायचं नसेल तर ‘मी आज ऐकणार आहे’ एवढं पुरे. शब्दच अडकले, जसे तुझे कधी कधी अडकतात, तर दुसरं कार्ड दाखव: ‘आत्ता बोलता येत नाही, पाच मिनिटं द्या.’ हस्तांदोलन कुणी पुढे केलं आणि नको असेल तर नमस्कार कर. आपल्याकडे त्याला कुणी हरकत घेत नाही.

पीएमपीच्या बसमार्गांवर तू दोन तास बोलू शकतोस, आणि इथे ते ऐकायला माणूस मिळण्याची शक्यता इतर कुठल्याही ठिकाणापेक्षा जास्त आहे. रीत अशी ठेव: दोन-तीन वाक्यं, मग एक प्रश्न. समोरून सलग दोनदा ‘हं’ किंवा ‘अच्छा’ एवढंच आलं तर सरळ विचार, ‘अजून सांगू का, की थांबू?’ बाहेर हा प्रश्न विचित्र वाटेल, इथे तो सोयीचा आहे. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश समाजशास्त्रज्ञाने २०१२ मध्ये मांडलं की ऑटिस्टिक आणि इतर माणसांतला गैरसमज दोन्ही बाजूंचा असतो; दोष एकाच्याच माथी मारणं चूक आहे. पुढे एडिंबरा विद्यापीठाच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आठ-आठ माणसांच्या साखळ्यांतून एक गोष्ट कानोकानी पुढे पाठवायला सांगितली. ज्या साखळ्यांत सगळेच ऑटिस्टिक होते त्यांनी ती ऑटिस्टिक नसलेल्यांच्या साखळ्यांइतकीच नीट पोचवली. म्हणजे ‘मला संवादच जमत नाही’ हे तुझं वाक्य तपासून बघायला हवं. कुणाबरोबर जमत नाही, असा खरा प्रश्न आहे.

तरी तिथे सगळे तुझ्यासारखे असतील असं समजू नकोस. कुणी गुणगुणत राहील, कारण त्याला त्याने शांत वाटतं, आणि नेमका तोच आवाज तुझ्या डोक्यात शिरेल. यात दोघांचंही चुकत नाही, खुर्ची बदल. कुणी तुझ्या नमस्काराला उत्तर देणार नाही; बहुधा त्याचं लक्ष नसेल किंवा तोही घाबरलेला असेल. कुणी न थांबता बोलत राहिलं तर ‘मला आता थांबायचं आहे’ म्हणून ऊठ. पहिल्याच दिवशी कुणी पैसे, ओटीपी किंवा घरचा पत्ता मागितला तर देऊ नकोस आणि ताईंना सांग. फोन नंबर द्यायचा की नाही हे तिसऱ्या भेटीनंतर बघू.

हात हलवावेसे वाटले तर हलव, डुलावंसं वाटलं तर डुल. कॉलेजात तू ते दाबून ठेवायचास आणि घरी येऊन सरळ अंधाऱ्या खोलीत जायचास. दाबण्यात जेवढी शक्ती जाते तेवढी माणसांसाठी उरत नाही. इथे दाबायचं कारण नाही. आणि इथेही कुणी ‘हात खाली’ म्हणालं तर तो गट तुझ्यासाठी नाही. मग परत जायला मीही सांगणार नाही.

किती वेळ थांबायचं? पहिल्या दोन्ही रविवारी अर्धाच तास, मजा येत असली तरी. मग पाऊण, मग एक. थोडं हवंसं असतानाच उठलं तर पुढच्या वेळी पाय आपोआप निघतो. पूर्ण थकून उठलं तर आठवणीत तो थकवाच राहतो. गट आवडला की नाही हे चौथ्या भेटीच्या आधी ठरवू नकोस. पहिल्यांदा रस्ता, खोली, माणसं सगळंच नवं असतं आणि मेंदूचा सगळा वेळ त्यातच जातो. चेहरे ओळखीचे व्हायला लागतात ते तिसऱ्यांदा. एखाद्या रविवारी दारापर्यंतच जमलं तर आकडा दोनने उतरेपर्यंत जिन्यात थांब आणि मग घरी ये. ती भेटही मी मोजणीत धरणार आहे.

परतल्यावर १ ते ४ आपलं घर बंद, चितळ्यांचं दुकान पूर्वी असायचं तसं. मी काही विचारणार नाही, बाबाही नाहीत, आजीला मी सांगून ठेवलं आहे. संध्याकाळी एकच प्रश्न: आकडे काय होते?

गणपतीच्या आधी ढोलपथकांचा सराव सुरू झाला की नदीकाठाच्या बाजूचा सगळा भाग संध्याकाळी दणाणतो. गट सकाळी आहे म्हणून फारसं अडू नये, पण तेव्हा वेळ बदलली तर आपण नव्याने बोलू.

शनिवारी पाच वाजता रिकामा हॉल बघायला जाता येईल, किल्ली वॉचमनकडे असते. मी फाटकाशी थांबेन, आत येणार नाही. पत्रातलं जे पटत नाही त्यावर पेन्सिलीने काट मार आणि कागद फ्रिजवर लाव.

तुझी,
आई