जंताची गोळी पोहोचली, तपासणीचं काय? आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

माननीय आरोग्यमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी लॅबमध्ये मायक्रोस्कोपवर बसते. शौचाचे नमुने बघणं हेच काम, त्यामुळे पत्रात थोडी घाण येईल, तेवढी चालवून घ्या.

शाळांमधून जंताच्या गोळ्या वाटल्या की त्यांचे आकडे आपल्या टेबलावर येतात. मोहिमांबद्दल माझी तक्रार नाही, त्या चालूच राहाव्यात. पण गोळी वाटली म्हणजे जंतांचा प्रश्न मिटला, असं वरपासून खालपर्यंत सगळे धरून चालले आहेत आणि तपासणी मागे पडते आहे. अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक मात्रा गोलकृमीवर उत्तम लागू पडते, अंकुशकृमीवर बऱ्यापैकी. चाबूककृमीवर ती तोकडी पडते. आणि स्ट्राँगिलॉइडिस नावाच्या जंतावर त्या एका गोळीची भिस्त ठेवताच येत नाही, त्याला आयव्हरमेक्टिन लागतं.

या शेवटच्या जंतासाठीच हे पत्र आहे. बहुतेक आतड्यातल्या जंतांची अंडी मातीत पडून तिथे वाढावी लागतात. नवी लागण झाली नाही तर ते काही वर्षांत आपोआप संपतात. हा मात्र माणसाच्या आतच पुन्हा पुन्हा लागण करत राहतो. लहानपणी अनवाणी पायातून शिरलेला जंत म्हातारपणीही पोटात असू शकतो. अधूनमधून खाज, पोटदुखी, रक्तात इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी वाढलेल्या, एवढंच. कित्येकांना तर तेही नाही. मग कधीतरी दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइड सुरू होतात. प्रतिकारशक्ती दबते, अळ्या बेसुमार वाढतात, आतड्यातून फुप्फुसात आणि प्रसंगी मेंदूपर्यंत पोहोचतात आणि जाताना आतड्यातले जिवाणू रक्तात नेतात. त्या अवस्थेला गेलेले बरेच रुग्ण वाचत नाहीत. कोविडमध्ये डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड सर्रास दिलं जाऊ लागलं, तेव्हा या विषयातल्या डॉक्टरांनी नेमका हाच इशारा दिला होता. साथ ओसरली, इशाराही विरला.

आता तो सापडत का नाही, ते सांगते. शौचात त्याची अंडी येत नाहीत, अळ्या येतात, त्याही थोड्या आणि रोज नाहीत. म्हणून एका नमुन्यावर ‘काही आढळले नाही’ असा रिपोर्ट आला तर त्याला फारसा अर्थ नसतो. वेगवेगळ्या दिवशी किमान तीन नमुने बघावे लागतात, शिवाय अळ्या गोळा करण्याची बेअरमन पद्धत किंवा रक्तातल्या प्रतिपिंडांची तपासणी. जंतांच्या पाहणीत सगळीकडे वापरतात ती काटो-कात्झ पद्धत इथे कामाची नाही. तिच्यात ४१.७ मिलिग्रॅम शौच जाळीतून गाळून ग्लिसरिन लावलेल्या सेलोफेनखाली पसरतात आणि अंडी मोजतात. त्यातही अंकुशकृमीची अंडी तासाभरात ग्लिसरिनने विरून दिसेनाशी होतात. स्लाइड दुपारी बघू म्हणून ठेवली की अंकुशकृमी आकडेवारीतून गायब!

उलटंही होतं. नमुना फ्रिजबाहेर एक-दोन दिवस पडून राहिला तर अंकुशकृमीची अंडी त्यातच फुटून अळ्या बाहेर येतात आणि त्या स्ट्राँगिलॉइडिससारख्याच दिसतात. फरक तोंडाच्या पोकळीचा: अंकुशकृमीच्या अळीची लांब, याची आखूड. आयोडिनचा थेंब टाकून मोठ्या लेन्सखाली तेवढंच बघायचं असतं. पण ते दाखवून देणारे जुने लोक निवृत्त होत आहेत आणि नव्यांना दिवसभर यंत्रात नळ्या भरण्यातून सवड नाही.

मग आयव्हरमेक्टिनही सरसकट वाटून टाका, असं कुणी आपल्याला सुचवेल. पण ज्यांच्या रक्तात लोआ लोआ या आफ्रिकेत आढळणाऱ्या जंताच्या सूक्ष्म अळ्या फार असतात, त्यांना हेच औषध दिलं तर मेंदूवर गंभीर परिणाम होऊ शकतो. तेव्हा औषध कुठलंही आणा, आधी रक्त किंवा शौच बघणारा माणूस लागतोच. अमिबाचंही तेच. आमांश करणारा अमिबा आणि निरुपद्रवी एन्टअमिबा डिस्पार यांच्या सिस्ट, म्हणजे शौचातून बाहेर पडणारी कवचातली अवस्था, मायक्रोस्कोपखाली हुबेहूब सारख्या दिसतात; १९९३ मध्ये या दोन जाती अधिकृतपणे वेगळ्या झाल्या. तरी आजही ‘सिस्ट दिसल्या’ एवढ्यावर मेट्रोनिडाझोल हे अमिबाचं औषध लिहून दिलं जातं. प्रतिजन तपासणीने दोन्ही वेगळे ओळखता येतात, ती ठेवायला हवी.

माझी मागणी मोठी नाही. जास्त दिवसांचे स्टेरॉइड, केमोथेरपी किंवा अवयव प्रत्यारोपण यांच्याआधी, लागणीची शक्यता असलेल्या रुग्णाची स्ट्राँगिलॉइडिससाठी तपासणी करावी, असं परिपत्रक काढा. तपासणीला वेळच नसेल तिथे, लोआ लोआचा धोका नाही हे पाहून, रिपोर्टची वाट न बघता आयव्हरमेक्टिन देण्याची मुभा त्यातच द्या. प्रत्येक मोठ्या रुग्णालयात परजीवी ओळखू शकणारा निदान एक तंत्रज्ञ नेमा आणि त्याची बदली रक्तपेढीत करू नका. आणि नमुना घेतल्यापासून किती वेळात तो बघायचा, हे परिपत्रकात तासांत लिहा. ‘लवकरात लवकर’ असं लिहिलंत तर आमच्याकडे त्याचा अर्थ उद्या सकाळी असा होतो.

आपली,
मायक्रोस्कोपवरची एक तंत्रज्ञ