नांदूर मध्यमेश्वरच्या पक्ष्यांची मार्चमध्येही गणना व्हावी

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

निफाड तालुक्यातले पक्षी अभयारण्य नांदूर मध्यमेश्वर म्हटले की डिसेंबर-जानेवारीतले धुके, रोहित पक्षी आणि चापडगावच्या पक्षिनिरीक्षण मनोऱ्यावरची गर्दी डोळ्यांसमोर येते. आम्ही सात-आठ जण यंदा मुद्दाम, हिवाळी पाहुणे पक्षी परतीला लागतात त्या मार्चमधल्या एका रविवारी तेथे गेलो. निफाडकडे द्राक्षांची तोडणी चालू होती, बांधावरचे पळस फुलले होते आणि मनोऱ्यावर आमच्याखेरीज फक्त गावातला वाटाड्या होता. "पाव्हणे आले की समदे येतात, वाटेला लावायला कोणी येत नाही," असे तो म्हणाला, तेव्हा आम्हाला जरा ओशाळल्यासारखे झाले.

वास्तविक पाहण्यासारखे पुष्कळ होते. हिवाळाभर करडे दिसणारे पाणटिवळे विणीच्या पिसाऱ्यात येऊ लागले होते; त्यांच्या मानेवर विटकरी रंग चढत होता. पिवळे धोबी हळद लागल्यासारखे झाले होते, तर भोरड्यांचे थवे बाभळींवरून उठून शेतांकडे जात होते. लांबच्या प्रवासासाठी अंगात चरबी साठवण्याचे हे दिवस असल्यामुळे चिखलात चोच खुपसणाऱ्या पक्ष्यांना उथळ पाणी आणि उघडा गाळ याच आठवड्यांत सर्वाधिक लागतो.

हे सारे पाण्याच्या पातळीवर अवलंबून आहे. गोदावरी-कादवा संगमाजवळच्या ब्रिटिशकालीन बंधाऱ्यात गाळ साचत गेला म्हणून ही पाणथळ जागा तयार झाली आणि 2020 मध्ये ती महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा) म्हणून जाहीर झाली. तथापि बंधारा मुळात सिंचनासाठीच आहे. गोदावरीचे डावा व उजवा हे दोन्ही कालवे येथूनच निघतात, आणि आवर्तन (कालव्यांत ठरावीक काळ पाणी सोडणे) सुरू झाले किंवा थांबले की काल उघडा असलेला गाळ आज पाण्याखाली जाऊ शकतो, किंवा उलटही घडते. शेतकऱ्यांचे पाणी अडवा, असे मी मुळीच सुचवत नाही. मी स्वतः शेतकऱ्याच्या घरातलाच आहे.

मात्र या चढउताराचा पक्ष्यांवर काय परिणाम होतो हे कळण्यासाठी नोंदी लागतात, आणि आशियाई पाणपक्षी गणना जानेवारीत होते. त्या एका महिन्याच्या आकड्यांवरून परतीच्या काळाचे चित्र कळणार नाही. म्हणून नाशिक परिसरातील पक्षिमित्र मंडळांनी आणि महाविद्यालयांनी मार्चच्या उत्तरार्धात, जानेवारीतल्याच ठिकाणांवरून आणि त्याच पद्धतीने, दुसरी गणना सुरू करावी, आणि तक्त्यात त्या दिवशी आवर्तन चालू होते की बंद, हा एक रकाना वाढवावा, अशी माझी विनंती आहे. सकाळी नऊनंतर ऊन चटकू लागते, तेव्हा हे काम पहाटेच उरकावे लागेल.

आपला नम्र,
एक वाचक, नाशिक