‘आधी तारीख, मग मजकूर’ : ग्रंथपाल ताईंना उघड पत्र

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

अमेरिकेच्या यादवी युद्धावर (१८६१–६५) वर्गात वाटता येईल असं काहीतरी द्या, एवढंच आम्ही मागितलं होतं. तुम्ही पुस्तकांची लांबलचक यादी दिली नाहीत. मोजकेच मूळ कागद काढून दिलेत आणि वर पेन्सिलीने लिहिलंत, ‘आधी तारीख, मग मजकूर’. ठाण्यात हा विषय शिकवणाऱ्या इतरांनाही त्याचा उपयोग व्हावा, म्हणून आभार असे जाहीर.

सगळ्यात मोलाची ठरली ती अलेक्झांडर स्टीफन्सची जोडी. दक्षिणेच्या बंडखोर सरकारचा हा उपाध्यक्ष. २१ मार्च १८६१ रोजी, म्हणजे पहिली तोफ डागली जाण्याआधी तीन आठवडे, सवाना शहरात त्याने सांगितलं की काळा माणूस गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि हीच आमच्या नव्या राज्याची कोनशिला. युद्ध हरल्यावर त्याच गृहस्थाने दोन जाड खंड लिहून पटवायचा प्रयत्न केला की भांडण राज्यघटनेच्या तत्त्वाचं होतं. दोन्हींतला एकेक परिच्छेद मराठीत करून, नाव आणि साल झाकून वाटायचा. दहा मिनिटं वाचन, मग प्रश्न: यातला कुठला आधीचा? माणूस एकच आहे हे शेवटी सांगायचं. नाव आधी कळलं तर मुलं मोबाइलमधून तयार उत्तर काढतात आणि तास तिथेच संपतो.

या भाषणाची एक कच्ची बाजूही तुम्हीच दाखवलीत. ते उत्स्फूर्त होतं, आपल्याला मिळतो तो वार्ताहराने टिपलेला मजकूर, आणि पुढे स्टीफन्सने त्याच्या अचूकपणाबद्दल कुरकुर केली. म्हणून त्याला साउथ कॅरोलिना राज्याने देशातून फुटून निघताना काढलेल्या डिसेंबर १८६० च्या अधिकृत जाहीरनाम्याची जोड हवीच. ‘राज्यांच्या हक्कांसाठी लढाई झाली’ हे वाक्य कुठेही वाचून आलेल्या मुलाला तो कागद द्यावा. त्यात तक्रार उलटीच आहे: उत्तरेतली राज्यं स्वतःचे कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत! आख्खा जाहीरनामा वाटू नये, सुरुवातीची घटनेची चर्चा मुलांना झोपवते. फरारी गुलामांचा भाग सुरू होतो तिथून पुढचा घ्यावा.

नकाशाच्या बाबतीत तुमचा इशारा न ऐकणाऱ्याचे झेरॉक्सचे पैसे वाया जातात. १८६० च्या जनगणनेवरून १८६१ मध्ये छापलेल्या दक्षिणेच्या त्या नकाशात प्रत्येक काउंटीवर (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) गुलामांची टक्केवारी आहे आणि टक्का वाढेल तशी छटा गडद होते. ए-४ वर आकडे वाचता येत नाहीत आणि छटेच्या रेघा एकमेकींत मिसळतात. एक तुकडा कापून ए-३ वर मोठा करायचा, झेरॉक्सवाल्याला ‘फोटो मोड’ सांगायचा. व्हर्जिनियाचा तुकडा घेतला तर पश्चिमेकडच्या फिकट काउंट्या मुलं स्वतः रंगवतात. मग १८६३ मध्ये वेगळ्या झालेल्या वेस्ट व्हर्जिनियाची सीमा वर ठेवायची. फारसं बोलावं लागत नाही.

फोटो लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातून फुकट मिळतात. सर्वांत मोठी फाइल उतरवू नये, छपाईला मधल्या आकाराची पुरते. हक्कांची ओळ मात्र प्रत्येक फोटोखाली वाचावी. गेटिसबर्गच्या १८६३ मधल्या लढाईतला तो मेलेला ‘नेमबाज’ दाखवताना त्याच प्रेताचा दुसऱ्या जागी काढलेला फोटो शेजारी हवा. छायाचित्रकार अलेक्झांडर गार्डनरच्या चमूने ते उचलून दगडांच्या आडोशाला ठेवलं होतं, शेजारची बंदूकही मांडलेली. एकटा फोटो दिला तर तो पुरावा वाटतो, जोडी दिली की मुलं फोटोलाच प्रश्न विचारतात.

आकड्यांत मराठीचाच एक खड्डा आहे. गेटिसबर्गचे सुमारे ५१ हजार ‘हताहत’ म्हणजे ठार, जखमी, बंदी आणि बेपत्ता असे सगळे मिळून. ठार सात-आठ हजार. मुलं ‘हताहत’चा अर्थ मृत असाच घेतात, त्यामुळे चारही शब्द सुटे लिहावेत. एकूण मृत्यूंसाठी जुना ६ लाख २० हजारांचा आणि नंतरचा सुमारे साडेसात लाखांचा, असे दोन्ही अंदाज फळ्यावर ठेवावेत. आणि ‘यादवी’ हा शब्द आपला आहे, छानही आहे, पण त्याने चित्र भाऊबंदकीचं होतं. जवळपास ४० लाख गुलाम त्यात दिसतच नाहीत.

त्यांचे आवाज १९३६ ते ३८ मध्ये नोंदवलेल्या मुलाखतींत आहेत, दोन हजारांहून जास्त. सांगणारे म्हातारे, विचारणारे बहुतेक गोरे, काळ मंदीचा. हे आधी सांगूनच पान वाटावं. भाषांतरात त्यांच्या तोंडी ओढूनताणून गावरान मराठी घालू नये, ही तुमची सूचना आम्ही तंतोतंत पाळतो.

आणि शेवटचा कागद. जोतीराव फुल्यांच्या १८७३ च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका, अमेरिकेतल्या गुलामी संपवणाऱ्या लोकांना वाहिलेली. एवढ्या एका पानावर एक तास सहज जातो. त्याच्या शेजारी मुंबईचा कापूस ठेवला की विषय आपल्या रुळांवर येतो: दक्षिणेची बंदरं नाकेबंदीत, इंग्लंडातल्या लँकेशायरच्या कापडगिरण्या उपाशी, खानदेश-वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव. ठाण्यापर्यंत रेल्वे १८५३ पासूनच होती, भोर घाटाची चढण १८६३ मध्ये खुली झाली. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला आणि पुढे मुंबईचा शेअरबाजार कोसळला. कापूस आणि शेअरांच्या त्या तेजीतले बडे व्यापारी, राजाबाई टॉवरला पैसे देणारे प्रेमचंद रायचंद यांचं नाव निघालं की तो टॉवर पाहिलेली मुलं कान टवकारतात.

सगळ्या मराठी पानांचे दोन संच तुमच्या टेबलावर ठेवले आहेत. नकाशाचं पान गुंडाळूनच ठेवा, घडी घालू नका. घडीवर नेमके आकडे पुसले जातात.

तुमचे ऋणी,
ठाण्यात इतिहास शिकवणारे आम्ही काही जण