सर, प्रबंधात एकाच ओळीची जागा होती

आदरणीय सर,
सादर प्रणाम.

माझ्या प्रबंधाच्या आभारपानावर तुमचं नाव सातव्या ओळीत आहे, दोन ग्रंथालयांच्या मध्ये. सगळे आभार एका पानात बसवायचे होते, म्हणून तिथे काही लिहिता आलं नाही. पदवी मिळाली, अभिनंदनं झाली, पण ती सातवी ओळ मनाला लागून राहिली. म्हणून हे पत्र, आणि तेही सगळ्यांनी वाचावं असं.

तुमच्याकडे मी आले होते ती फक्त एका मुलाखतीसाठी. वेगळ्या विदर्भाची मागणी आणि नागपूरचं मतदान हा माझा विषय. याच मतदारसंघानं १९६२ साली विदर्भवादी लोकनायक बापूजी अणे यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं. १९७१ साली फॉरवर्ड ब्लॉकचे जांबुवंतराव धोटे, तेही विदर्भवादीच, निवडून आले, आणि १९८० मध्ये तेच धोटे पुन्हा निवडून आले ते काँग्रेसकडून. मागणी तर आजही घरोघरी बोलली जाते, मग ती आता मतांत का उतरत नाही, हे मला शोधायचं होतं. तुम्ही पहिलं मत १९७१ ला दिलेलं. तेव्हा मताधिकाराचं वय एकवीस होतं, आणि तुमचं नाव नुकतंच यादीत आलं होतं. कुणाला दिलं, असं मी विचारलं तेव्हा तुम्ही हसून चहा पुढे केलात. ते मला अजून माहीत नाही. पण त्याच बैठकीत तुम्ही म्हणालात, "मी जिल्हा परिषदेचा मास्तर, बेटा. मत देणं एका दिवसाचं. माझं आयुष्य मत घेण्याच्या ड्यूटीत गेलं."

तोवर माझा अभ्यास म्हणजे फॉर्म २० चे तक्ते. निकालानंतर प्रत्येक केंद्रावर कुणाला किती मतं पडली ते त्यात असतं, आणि मी ते संगणकात भरत बसायचे. २००९ आणि २०१४ च्या आकड्यांवरून एका केंद्रावर मतं पार उलटली, असं मी मोठ्या उत्साहानं तुम्हाला दाखवलं. तुम्ही चष्मा काढलात. "केंद्र क्रमांक तोच आहे. पण शाळा तीच आहे का? मतदार वाढले की केंद्राची दोन होतात, मग पुढचे सगळे क्रमांक सरकतात. आकडा नको पाहू आधी. तो कोणी लिहिला, कुठं बसून लिहिला, ते पाह्य."

त्या दिवशी माझं अर्धं प्रकरण पडलं. रडू आलं होतं, खरं सांगते. त्याच महिन्यात मी जिथे कंत्राटावर होते तिथलं कामही संपलं होतं. तुम्ही त्याबद्दल एक शब्द विचारला नाहीत. एवढंच म्हणालात, "रविवारी साडेपाचला झिरो माईलला ये. असेल ती सायकल आण."

भावाची गंजलेली सायकल घेऊन मी आले. मतदार यादीच्या पहिल्या पानावर त्या भागात कुठल्या वस्त्या येतात ते लिहिलेलं असतं. ती पानं पिशवीत घालून आपण निघायचो. महाल, इतवारी, मोमिनपुरा, मग इंदोरा, जरीपटका, पुढे पारडी, नंदनवन. नागपूर लोकसभेचे सहाही विधानसभा मतदारसंघ आपण सायकलवर पालथे घातले, सहा महिने, रविवार न चुकता. शाळेच्या फाटकासमोर उभं राहून तुम्ही सांगायचात: आदल्या दिवशी साहित्य घेऊन यायचं, रात्री वर्गातच झोपायचं, पहाटे पक्षांच्या एजंटांसमोर अभिरूप, म्हणजे चाचणीचं मतदान करून ती मतं पुसायची, संध्याकाळी झालेल्या मतदानाच्या हिशेबाचा फॉर्म १७ सी भरून त्याची प्रत एजंटांच्या हातात द्यायची. फॉर्म २० मधला एकेक आकडा तिथून निघतो. मला हे पुस्तकातून ठाऊक होतं. पण वर्गाच्या दारात उभं राहून ऐकलं तेव्हा कुठे ते मला कळलं. नंतर तर्री पोहे, आणि ऊन चढायच्या आत घरी.

सायकलचं वेड लागलं ते असं. ब्रेवेला, म्हणजे ठरल्या वेळेत पुरी करायच्या लांब सायकलफेरीला, नाव तुम्हीच नोंदवलंत: दोनशे किलोमीटर, साडेतेरा तासांत. शर्यत नाही, क्रमांक नाही, कंट्रोलवर, म्हणजे वाटेतल्या तपासणीच्या ठिकाणी, कार्डावर शिक्का घ्यायचा आणि पुढे जायचं. डिसेंबरात सकाळी सहाला अमरावती रोडनं निघालो. शंभर जायचे, शंभर यायचे. परतताना समोरून वारा. कोंढाळीला मांड्या दगड झाल्या आणि मी सायकल आडवी टाकली. माझ्यामुळे तुमचाही वेळ जात होता, वयाची सत्तरी आलेली, आणि तुम्ही मला सोडून सहज पुढे जाऊ शकला असता.

तुम्ही चिक्की दिलीत, पाण्यात मीठ-साखर ढवळलीत आणि पुलाच्या कठड्यावर बसलात. "इथून वाडीपर्यंत मी ड्यूटी केलेली केंद्रं सांगतो. एक केंद्र ऐकायचं, तेवढंच चालवायचं." बाजारगाव येईपर्यंत त्या रात्रीची गोष्ट, जेव्हा दिवे गेले आणि तुम्ही कंदिलात मतपत्रिकांचा हिशेब जुळवलात. गोंडखैरीपर्यंत त्या आजीची, जिला सून हात धरून घेऊन आली आणि जिनं आत जाताना सुनेला दाराबाहेर थांबवलं. वाडीचे दिवे दिसले तेव्हा मला आणखी ऐकायचं होतं. बारा तास पन्नास मिनिटांत पोचलो. कार्डावर तीन शिक्के आहेत, शेवटचा थोडा पुसट.

सर, माझ्या तोंडी परीक्षेत परीक्षकांनी विचारलं की केंद्रांची जुळवणी इतकी नेमकी कशी केली. मी तुमचं नाव घेतलं, मोठ्यानं. तुम्ही मागच्या खुर्चीवर बसला होतात, तरीही ते इथे पुन्हा लिहून ठेवते.

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी तुम्हाला तीन महिने सायकल बंद सांगितली आहे, हे काकूंकडून कळलं. या रविवारी झिरो माईल नको. पोहे घेऊन मीच घरी येते, आणि २०२४ च्या याद्यांची पहिली पानंही आणते. उत्तर नागपूरचे क्रमांक पुन्हा सरकलेत, तुमच्याशिवाय जुळत नाहीत.

तुमची विद्यार्थिनी
नागपूर