कात्री चालवणे वेगळे, शिकवणे वेगळे

मा. संपादक,

स. न. वि. वि.

व्यवसाय महाविद्यालयांतील अभ्यासक्रमांविषयी आपल्या दैनिकात आलेला लेख वाचला. उड्डाण प्रशिक्षक आणि केशकर्तन हे दोन अभ्यासक्रम एकाच माहितीपुस्तिकेत लागोपाठ छापलेले पाहून लेखकांना हसू आले, हे समजण्यासारखे आहे. मी मात्र १९ वर्षे केशकर्तन विभागात निदेशक होतो आणि माझा भाचा विमान उडवायला शिकवतो, त्यामुळे या दोन व्यवसायांची तुलना आमच्या घरात अनेकदा होते आणि दर वेळी तिचा शेवट माझ्या बाजूची एक उणीव कबूल करण्यात होतो. ती उणीव आपल्या वाचकांपुढे मांडावी म्हणून हे पत्र.

ज्याला विमान उडवता येते त्याला ते शिकवताही येईल, असे विमानचालनात कोणी गृहीत धरत नाही. पहिल्या महायुद्धाच्या काळात बरेच प्रशिक्षक म्हणजे आघाडीवरून परतलेले, थकलेले वैमानिक असत आणि त्यांना शिकवायचे कसे हे कोणी सांगितलेले नसे. १९१७ मध्ये ब्रिटिश लष्करी वैमानिक रॉबर्ट स्मिथ-बॅरी यांनी इंग्लंडमधील गॉस्पोर्ट येथे प्रशिक्षकांनाच शिकवणारी शाळा उभी केली. तेथे दुहेरी नियंत्रणे असलेल्या अ‍ॅव्रो ५०४ विमानात बोलण्याच्या नळीतून सूचना दिल्या जात आणि विमान गिरक्या घेत खाली येऊ लागले तर काय करायचे, हे मुद्दाम तशा गिरकीत नेऊन शिकवले जाई. आज अमेरिकेत प्रशिक्षक होऊ पाहणाऱ्याला व्यावसायिक वैमानिकाचा परवाना असूनही अध्यापनाच्या मूलतत्त्वांची वेगळी परीक्षा द्यावी लागते. शिकणारा कधी शिकायला तयार असतो, पहिल्यांदा चुकीचे शिकलेले पुसणे इतके अवघड का जाते, भीतीने गोठलेल्या माणसाशी कसे बोलावे, हे सारे तो अभ्यासतो. त्यातच त्याला डावी खुर्ची सोडून उजव्या खुर्चीवरून उडवायला शिकावे लागते, म्हणजे इतके दिवस उजव्या हाताने केलेले काम डाव्या हाताकडे येते आणि धावपट्टीही निराळ्या कोनातून दिसू लागते. अनुभवी माणसाला काही काळ पुन्हा नवशिका करणारी ही तरतूद मला फार शहाणपणाची वाटते.

आमच्या विभागात माझी नेमणूक झाली तेव्हा मला एवढेच विचारले गेले, की खुर्चीमागे किती वर्षे उभे राहिलात. उत्तर समाधानकारक होते आणि मी दुसऱ्याच दिवशी वर्गावर गेलो. पहिली दोन वर्षे मी काय करत होतो ते आज आठवले की संकोच वाटतो. एखादा मुलगा कंगव्यावरून कात्री चालवत कानावरचे केस काढत असे, कंगवा किंचित कलंडे आणि केसांत पायरी पडे. मी लगेच पुढे होऊन त्याच्या हातातली कात्री काढून घेई, चार-सहा हलके काप देई आणि पायरी नाहीशी होई. ग्राहक आरशात पाहून समाधानाने मान हलवी. त्या मुलाला पायरी कशी पडते हे पुरते कळलेले असे. ती काढायची कशी, हे मात्र माझ्या कोपराच्या आडून जेवढे दिसेल तेवढेच त्याच्या वाट्याला येई. मी स्वतःला तत्पर शिक्षक समजत होतो.

ही गोष्ट भाच्याला सांगितली तेव्हा त्याने विमान उतरवण्याचा प्रसंग समजावून सांगितला. चाके धावपट्टीपासून थोडीच वर असताना विद्यार्थी विमानाचे नाक थोडे लवकर उचलतो, विमान टेकायचे सोडून पुन्हा वर तरंगते आणि वेग कमी होऊ लागतो. प्रशिक्षकाने याच क्षणी हस्तक्षेप केला, तर विद्यार्थी ती चूक सुधारायला कधीच शिकणार नाही. फार उशीर केला, तर विमान आपटेल. “मामा, माझा हात गुडघ्यावर असतो, पण तो तिथे विसावलेला नसतो,” असे तो म्हणाला. नियंत्रण घ्यायचेच ठरले तर आधी तसे मोठ्याने बोलायचे, विद्यार्थ्याने ते सोडल्याचे बोलून सांगायचे आणि प्रशिक्षकाने आपल्याकडे आल्याचे पुन्हा एकदा म्हणायचे, असा त्यांचा शिरस्ता आहे. विमान दोघेही चालवत आहेत किंवा दोघांपैकी कोणीच चालवत नाही, असा एकही क्षण त्यामुळे येत नाही.

मी त्या रात्री वस्तऱ्याचा विचार करत बसलो होतो. दाढी शिकवताना आम्ही आधी फुगवलेल्या फुग्याला फेस लावून तो खरवडायला देतो, मग माणसाच्या गालावर आणतो. डाव्या हाताने कातडी ताणायची, पाते गालाशी साधारण ३० अंशांत धरायचे, केसांच्या दिशेने छोटे फटके मारायचे, हे सर्व नीट शिकवतो. पण मुलगा चुकू लागला की निदेशकाने वस्तरा कसा घ्यायचा, हे आमच्याकडे कुठेच लिहिलेले नव्हते. परक्या माणसाच्या गळ्याशी एका पात्यावर दोन हात, हे आमच्याकडे सर्रास घडत होते. पुढे मी विभागात एकच नियम केला: ‘थांब’ म्हटले की पाते आधी कातडीपासून दूर जाईल, वस्तरा मिटेल आणि मगच हात बदलेल.

तासांच्या हिशेबाविषयी थोडेसे. केशकर्तनाची पहिली शाळा १८९३ मध्ये शिकागोत ए. बी. मोलर यांनी काढली आणि आज अमेरिकेतील अनेक राज्यांत परवान्यासाठी १००० ते १५०० तासांची अट आहे. हे तास विद्यार्थी हजर होता एवढेच सांगतात. जर्मनीने दुसरी वाट धरली आहे: तेथील केशकर्तनाच्या ‘माइस्टर’ (म्हणजे निष्णात कारागीर) परीक्षेच्या चार भागांपैकी एक शिकाऊ उमेदवारांना कसे शिकवावे यासाठीच आहे. म्हणजे आमच्या व्यवसायात हे शक्य नाही असे कोणी म्हणू नये.

विमानवाल्यांचे सगळेच आदर्श आहे असेही नाही. अमेरिकेत जेमतेम २५० तास उडालेला तरुण प्रशिक्षक होऊ शकतो, आणि २०१३ पासून प्रवासी विमान कंपनीत सहवैमानिक होण्यासाठी सर्वसाधारणपणे १५०० तास लागत असल्याने अनेक जण ते तास भरण्यापुरतेच शिकवतात. शिकवण्यात हात बसू लागला की ते निघून जातात. (भाचाही त्याच वाटेवर आहे, त्याला मी तोंडावर हे बोललो आहे.) आमच्याकडे वीस-वीस वर्षे खुर्चीमागे काढलेली माणसे वर्गात टिकून राहतात, त्यांना शिकवायचे कसे हे कोणी सांगत नाही, एवढेच.

म्हणून ज्या महाविद्यालयात हे दोन्ही अभ्यासक्रम आहेत तेथील व्यवस्थापनाने अध्यापनाच्या मूलतत्त्वांचा वर्ग केशकर्तनाच्या निदेशकांनाही खुला करावा. त्यासाठी विमान लागत नाही, फळा आणि खडू पुरतो. आणि निदेशकाच्या मुलाखतीत उमेदवाराचे स्वतःचे काम पाहण्याऐवजी त्याच्यासमोर एक नवशिका मुलगा आणि एक ग्राहक द्यावा, नंतर अर्ध्या तासात उमेदवाराने त्या मुलाच्या हातातील कात्री किती वेळा घेतली, ते मोजावे.

आपला,
एक निवृत्त निदेशक