इंजिन थंड होईपर्यंत थांबलेल्या काकांना

काका, सादर नमस्कार.

हे सगळं तुमच्या तोंडावर बोलायला आलो असतो तर तुम्ही "अहो, राहू द्या" म्हणत हात पुसले असते आणि गॅरेजमधल्या लिफ्टवरच्या दुसऱ्या गाडीकडे वळला असता. म्हणून लिहितोय, आणि चारचौघांसमोर लिहितोय. जुनी गाडी तपासून देण्याच्या नावाखाली तुमच्याआधी ज्या मेकॅनिकांनी मला गंडवलं त्यांच्याबद्दल मी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो. मग तुमच्याबद्दलही तेवढ्याच मोठ्याने सांगायला हवं.

वॉरंटी संपलेली स्पोर्ट्स कार घ्यायला निघालेल्या माणसाकडे लोक कसे बघतात हे तुम्हाला माहीत आहे. घरच्यांना तो उधळ्या वाटतो, विकणाऱ्याला आयतं गिऱ्हाईक वाटतो. पुढे काही बिघडलं आणि तक्रार केली की उत्तर ठरलेलं: हौस आहे ना, मग सोसा. जुन्या गाडीची किंमत उतरते, तिच्या क्लच प्लेटची उतरत नाही, ब्रेक डिस्कची उतरत नाही. एकदा वॉरंटी संपली की इंजिनाच्या आतलं एखादं काम गाडीच्या किमतीच्या आसपास जाऊ शकतं. हे मला माहीत होतं, म्हणूनच तर गाडी घेण्याआधी मी पैसे देऊन तिची तपासणी करून घेत होतो. गरजेच्या नसलेल्या गोष्टीसाठी साठवलेला पैसा काही कमी कष्टाचा नसतो. पण हे मला कोणाला पटवून देता आलं नाही. तुम्हाला ते सांगावंच लागलं नाही.

पहिल्या गाडीचं आठवतं ना? ती चकचकीत पोर्शे ९११. तुमच्याकडे आणण्याआधी तिची एका ठिकाणी रीतसर तपासणी झाली होती. त्यांनी रंगीत छापील कागद हातात दिला, सगळीकडे हिरव्या खुणा. इंजिन ठीक, गिअरबॉक्स ठीक, एसी ठीक, अगदी वायपर ठीक. पैसे घेतले, चहा पाजला, अभिनंदन केलं. इंजिनात डोकवायला एकही स्पार्क प्लग काढलेला नव्हता. कॉम्प्युटर लावला होता तो फक्त एरर कोड आहेत का एवढं बघायला, आणि ते तर कोणीही आदल्या दिवशी पुसून ठेवू शकतो.

तुम्ही कॉम्प्युटर लावलात आणि सरळ ओव्हर-रेव्हची नोंद उघडलीत. स्क्रीन माझ्याकडे वळवलीत आणि बोटाने एकेक ओळ दाखवलीत. या इंजिनाचा कॉम्प्युटर मर्यादेपलीकडचे आरपीएम, म्हणजे मिनिटाला होणारे इंजिनाचे फेरे, सहा टप्प्यांत लिहून ठेवतो. खालच्या टप्प्यांत आकडे असले तर घाबरायचं नाही, चालवणाऱ्याने ॲक्सिलरेटर दाबून धरला आणि लिमिटरने अडवलं एवढाच त्याचा अर्थ. पण वरच्या टप्प्यांपर्यंत ॲक्सिलरेटर दाबून जाताच येत नाही. भर वेगात चौथ्याऐवजी दुसरा गिअर पडला की चाकंच इंजिनाला ओढत नेतात, तिथे लिमिटर काही करू शकत नाही. त्या गाडीच्या शेवटच्या टप्प्यातही आकडा होता, आणि त्याच्यासमोर तो प्रकार इंजिनाच्या कितव्या तासाला घडला याची नोंद होती. अगदी अलीकडची. मग तुम्ही मीटरवरच्या किलोमीटरना इंजिनाच्या एकूण तासांनी भागलंत. सरासरी वेग आला ताशी १५ किलोमीटर. स्पोर्ट्स कार जन्मभर ट्रॅफिकमध्येच उभी असल्यासारखी. मीटर मागे फिरवलेलं होतं हे तुम्ही तोंडाने म्हणालाही नाहीत. नुसतं माझ्याकडे बघितलंत.

मला नंतर सुचलं की ती गाडी मी घेतली असती तर कधी ना कधी तिचं इंजिन खोलायची वेळ येणार होती, आणि मी ते काम घेऊन तुमच्याकडेच आलो असतो. वर्षातलं मोठं काम तुम्ही "घेऊ नका" या दोन शब्दांत सोडून दिलंत.

पण काका, मला खरं लिहायचंय ते दुसऱ्या गाडीच्या दिवसाबद्दल.

तीही ९११ कॅरेराच, पण २००९ च्या मॉडेलनंतरची. त्या वर्षापासून कॅरेराला नवं इंजिन आलं आणि त्यात इंटरमीडिएट शाफ्ट नावाचा आतला दांडाच नाही, त्यामुळे आधीच्या इंजिनांत त्या दांड्याचं जे बेअरिंग तुटून अख्खं इंजिन जाईल या धास्तीने लोकांची झोप उडते ते बेअरिंगही नाही. हे तुम्हीच समजावलं होतंत आणि शोध त्याच वर्षांपुरता ठेवायला लावला होतात. मालक सज्जन होते. गाडी धुऊन पुसून, एक चक्कर मारून तयार ठेवली होती. आपण पोचलो, तुम्ही मागच्या बाजूला उकिडवे बसलात आणि उलटा हात सायलेन्सरच्या तोंडाजवळ नेऊन तसाच धरून ठेवलात. मग मालकांना हळूच विचारलंत, "आता चालवली होती का?" ते म्हणाले, हो, तुम्ही येणार म्हणून जरा गरम करून ठेवली.

तुम्ही म्हणालात, "मग थंड होऊ दे."

मी घाईघाईने म्हटलं की चालेल, गरमच बघा, तुमच्या गॅरेजवर गाड्या खोळंबल्यात. मला सवय झाली होती ना, आपल्या कामापायी कोणाचा वेळ जातोय असं दिसलं की आपणच माघार घ्यायची. तुम्ही ऐकलंच नाहीत. थंड इंजिन पहिल्यांदा सुरू होताना जे बोलतं ते गरम झाल्यावर बोलत नाही, म्हणालात. आणि गरम ॲल्युमिनियमच्या हेडमधून प्लग काढले तर आटे जातात, दुसऱ्याच्या गाडीचं नुकसान आपण का करायचं? तुम्ही डिकीतून पुठ्ठा काढलात, भिंतीच्या सावलीत टाकलात आणि बसलात. वर मला म्हणालात, "तुमचे पैसे एकदाच जाणार. माझा वेळ रोजच जातो."

सकाळची दुपार झाली, दुपारची संध्याकाळ. गाडीखालून तापलेलं लोखंड आकसताना टिकटिक आवाज येत होता, तो हळूहळू विरळ झाला. मधल्या वेळात तुम्ही टायरच्या कडेचे चार आकडे वाचायला शिकवलेत, पहिले दोन टायर बनला त्या आठवड्याचे आणि पुढचे दोन वर्षाचे. नक्षी जवळजवळ नव्यासारखी आणि टायर मात्र म्हातारे. अशा गाड्या चालतात कमी, उभ्या जास्त राहतात, म्हणून कमी किलोमीटरवर भाळायचं नाही, सील आणि रबर उभ्या-उभ्याच सुकतात. मी किती वेळा घड्याळ बघितलं असेल. तुम्ही एकदाही नाही.

मग इंजिन सुरू केलं आणि मागून निळसर धुराचा लोट निघाला. माझ्या पोटात गोळा आला. आधीच्यांपैकी एखादा असता तर त्याने एकतर तो धूर माझ्या नजरेआड केला असता किंवा त्याच्या जोरावर मला आणखी एका महागड्या तपासणीला पाठवलं असतं. तुम्ही फक्त हात वर केलात. थांबा. काही क्षणांत धूर विरला, परत आला नाही. या इंजिनाचे सिलिंडर आडवे असतात, गाडी उभी राहिली की थोडं ऑइल पिस्टनच्या रिंगांपलीकडे झिरपून बसतं आणि सुरू करताना जळतं. धूर तसाच राहिला असता तर गोष्ट वेगळी होती. मग इंजिनाचा आवाज ऐकलात आणि तुमचा स्टेथोस्कोप माझ्या कानाला लावलात. सलग, एकसारखा आवाज, कुठे खटखट नाही. इंजिन तापायच्या आत बंद करून प्लग काढलेत, कॅमेऱ्याची नळी सहाही सिलिंडरमध्ये सोडलीत आणि प्रत्येक वेळी स्क्रीन आधी मला दाखवलीत. कुठे उभा ओरखडा नाही. ओव्हर-रेव्हचे वरचे टप्पे कोरे. किलोमीटर आणि तासांचा हिशेब जुळणारा.

बाकी तुम्ही काय काय बघितलंत ते इथे लिहीत बसत नाही. एवढंच सांगतो की काळोख पडल्यावर तुम्ही एका कागदावर लिहून दिलंत: टायर लगेच बदला, क्लचचं काम वर्ष-दोन वर्षांत निघेल, एका शॉकअपला पाझर आहे, तेवढे पैसे किमतीतून कमी मागा, त्याहून जास्त मागू नका, माणूस खरा आहे. शेवटची ओळ वाचून मला गलबलून आलं. पैसे तुम्ही माझ्याकडून घेणार होतात, आणि तरी समोरच्याच्याही बाजूने उभे राहिलात.

तो कागद मी मालकांनाच दाखवला. त्यांनी घासाघीस केली नाही.

प्रामाणिक माणूस म्हणजे खोटं न बोलणारा, असं मी इतके दिवस समजत होतो. पण त्या छापील कागदवाल्यांनीही तसं खोटं कुठे सांगितलं होतं? वायपर खरंच ठीक होते. त्यांनी फक्त जिथे बघायला वेळ लागतो तिथे बघितलं नाही. तुम्ही दिवसभर पुठ्ठ्यावर बसलात ते कोणत्याच बिलात येत नाही, आलंही नाही. तुम्ही फक्त तपासणीचे पैसे घेतलेत. मी जास्त देऊ लागलो तेव्हा "थांबण्याचे कसले पैसे" म्हणालात. डॉक्टर असो, वकील असो की मेकॅनिक, समोरच्याला ज्यातलं कळत नाही तिथे त्याचं बरं-वाईट असं एखाद्याच्या थांबण्यावर लटकलेलं असतं. आणि थांबला नाही तरी त्याला जाब विचारणारं कोणी नसतं. हे माहीत असूनही जे थांबतात त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो, काका. त्यांच्यामुळे आमच्यासारख्यांची हौस फजितीवर संपत नाही.

गाडी छान आहे. टायर बदलले. घरचेही आता मागची सीट लहान आहे एवढीच तक्रार करतात.

पुढच्या महिन्यात ऑइल बदलायला आणि शॉकअप दाखवायला येतोय. सकाळी लवकर येतो आणि गाडी थंड होईपर्यंत मीच पुठ्ठ्यावर बसतो. तुम्ही तोवर दुसरी कामं उरका. आणि या वेळी पूर्ण मजुरी घ्यायची, तेवढं माझं ऐका.

तुमचा,
तुम्ही गाडीपाशी बसवून ठेवलेला गिऱ्हाईक